झाकलेल्या चुका

डळमळू लागलेल्या खुर्चीच्या सांध्यात खिळा मारणे, त्याचे डोके सुंब्याने लाकडात खोल बसविणे, वर राहिलेले भोक लांबीने बुजविणे आणि शेवटी त्यावर पॉलिशचा हात फिरविणे, या चार क्रियांस आमच्या सुशिक्षित घरांतून 'दुरुस्ती' असे नाव मिळाले आहे. हे नाव खोटे आहे. आणि ते खोटे असूनही आम्ही ते सुखाने चालवून घेतो, म्हणून घातकही आहे. जुने लाकडी सामान दुरुस्त करावयाचे तर पहिले काम त्यात दडलेले खिळे शोधून बाहेर काढणे हेच होय, आणि जो कारागीर हे काम टाळतो व जो गृहस्थ ते टाळू देतो, ते दोघेही त्या वस्तूचा नाश करीत असतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुताराच्या बोलीत बारीक खिळ्यास 'चूक' म्हणतात. भाषेने हा श्लेष सहजच केला असेल. परंतु आमच्या दिवाणखान्यांतील खुर्च्या-पलंगांत ठोकलेल्या बहुतेक चुका दोन्ही अर्थांनी चुकाच असतात, आणि त्या झाकलेल्या असतात हा त्यांचा विशेष दोष आहे.

कोणी म्हणेल की, एका खिळ्याचे ते काय एवढे? त्यास उत्तर देण्यापूर्वी जुना सांधा कसा घडविलेला असतो हे थोडे पाहिले पाहिजे. जुन्या सागवानी किंवा शिसवी खुर्चीच्या पायास जो आडवा दांडा जोडलेला असतो, त्या दांड्याचे टोक निमुळते करून त्याचे कुसू काढलेले असते, व ते पायात कोरलेल्या खोबणीत घट्ट बसविलेले असते. मध्ये सरस लावतात, आणि कित्येकदा आरपार एक लाकडी मेख मारतात. या रचनेत एक शहाणपण आहे, ते असे की, लाकूड ही निर्जीव झाली तरी निश्चल न होणारी वस्तू आहे, हे तीत गृहीत धरलेले असते. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल पिते व फुगते, उन्हाळ्यात ती सोडून आक्रसते. हे फुगणे-आक्रसणे लांबीच्या दिशेने जवळजवळ नसल्यासारखेच असते. जे होते ते रुंदीच्या दिशेने होते. ओले सागवान पुरते वाळेपर्यंत रुंदीत शेकडा पाचांच्या आसपासही आटते, लांबीत मात्र शेकडा एकाचा एखादा दशांश. वाळलेले लाकूडही पुढे दरवर्षी ऋतूप्रमाणे थोडेफार हालतच राहते. कुशलतेने केलेला सांधा या हालचालीस वाव देतो. लाकडात लाकूड असल्यामुळे दोघांची प्रकृती एक असते, आणि दोघे मिळून ऋतू सोसतात.

मग सांधा ढिला का होतो? सरस म्हातारा होतो म्हणून. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस पन्नास-साठ वर्षांत ठिसूळ होतो, त्याची पूड होते आणि कुसू खोबणीत हालू लागते. हा मृत्यू नव्हे. हा साधा आजार आहे. सांधा उकलावा, जुना सरस कोमट पाण्याने धुऊन काढावा, झिजलेल्या कुसवास त्याच लाकडाची पातळ चीप लावून ते पूर्ववत जाड करावे, नवा सरस लावावा आणि रात्रभर आवळून ठेवावे, म्हणजे ती खुर्ची पुढील पिढीच्या हवाली करता येते. जुन्या कारागिरांचा सरस उष्णतेने आणि पाण्याने सुटतो, हा त्याचा दोष नसून मोठा गुण आहे. आपण केलेले काम पुढे कोणास तरी उकलावे लागेल, याची ती जाणीव आहे. आजही वस्तुसंग्रहालयांतून जुन्या सामानाची निगा राखणारे लोक हाच सरस पसंत करतात, त्याचे कारण हेच.

आता या सांध्यात खिळा शिरला म्हणजे काय होते ते पाहा. पहिली गोष्ट, तो सांध्याचा आजार बरा करीत नाही. कुसू खोबणीत जितके ढिले होते तितकेच ढिले राहते. फक्त त्याच्या हालण्यास आता एक लोखंडी आस मिळते. त्या आसाभोवती दांडा थोडा थोडा फिरतो, भोक मोठे होते आणि चार-सहा महिन्यांनी खुर्ची पुन्हा कुरकुरू लागते. तेव्हा दुसरा खिळा मारला जातो, मग तिसरा. दुसरी गोष्ट, लोखंड लाकडाबरोबर फुगत नाही व आक्रसत नाही. जेथे रुंद फळी दोन्ही कडांस खिळ्यांनी जखडलेली असते तेथे आक्रसू पाहणाऱ्या फळीस जागा मिळत नाही, आणि ती स्वतःच्याच अंगात तडकते. टेबलाच्या माथ्यावरील ज्या उभ्या भेगांस आपण 'लाकूड वाईट निघाले' असे म्हणून लाकडास दोष देतो, त्यांपैकी किती भेगा खिळ्यापाशी सुरू होतात, हे वाचकांनी आपल्याच घरी एकदा पाहावे.

तिसरी गोष्ट गंजाची. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापते. मुंबईपासून सावंतवाडीपर्यंतच्या खाऱ्या, दमट हवेत साध्या तारेचा खिळा किती लवकर गंजतो, हे कोकणातील कोणत्याही गृहिणीस सांगावे लागणार नाही. लाकडाच्या पोटात असा खिळा पाचरीसारखा फुगत जातो व तंतू फाकवितो. शिवाय कित्येक लाकडांत असा तुरट अंश असतो की, त्याचा व लोखंडाचा संयोग झाला म्हणजे काळानिळा डाग उमटतो. आमचे पूर्वज हिरडा आणि हिराकस यांपासून जी काळी शाई करीत, तिचे रहस्य हेच. म्हणजे गंजणारा खिळा लाकडाच्या पोटात अक्षरशः शाई करीत बसतो, आणि तो डाग कितीही रंधा मारला तरी सहजासहजी निघत नाही.

इतके असूनही आम्ही म्हणतो की, उघडा खिळा क्षम्य आहे. तो निदान दिसतो. पुढच्या माणसास तो सांगतो की, 'येथे मी आहे, मला आधी काढा.' अक्षम्य आहे तो झाकलेला खिळा. पंचवीस वर्षांनी दुसरा एखादा सज्जन कारागीर तीच खुर्ची नीट करावयास घेतो. सांधा ढिला दिसतो म्हणून लाकडी हातोडीने हलके ठोके देऊन तो उकलू लागतो. सांधा येत नाही म्हणून जोर वाढवितो. आणि एकाएकी पायाचा गाभा उभा फाटून हाती येतो, कारण आत कोणी तरी तीन इंचांचा खिळा तिरपा ठोकून ठेवलेला असतो. किंवा तो माथ्याच्या फळीवर रंधा धरतो आणि एका झटक्यात पात्याची धार तुटते. फिरत्या यंत्राच्या करवतीखाली असे लाकूड गेले तर पाते मोडून तुकडा डोळ्यात जाण्याची भीती असते. म्हणून जुने लाकूड कापण्यापूर्वी त्यातील लोखंड शोधणे हा कारखान्यांतून जिवाच्या सुरक्षिततेचा नियम समजला जातो. ज्याने खिळा झाकला त्याने वस्तूची दुरुस्ती केली नाही. त्याने आपल्या वाट्याचे काम दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि तेही न सांगता, ढकलले. व्यवहारात यास फसवणूक म्हणतात.

अलीकडे या फसवणुकीस यंत्राचेही साहाय्य मिळाले आहे. हवेच्या दाबावर चालणारी बंदूक हातात धरली की, बिनडोक्याच्या बारीक चुका पापणी लवते न लवते तोच लाकडात गडप होतात. सुंबा नको, हातोडी नको. वर राहते ते सुईच्या टोकाएवढे छिद्र, जे मेणाने सहज भरते. नव्या प्लायवूडच्या कामात या साधनाचा उपयोग असेल. तो वाद येथे नाही. परंतु शंभर वर्षांच्या शिसवी कोचात ही बंदूक चालविणे म्हणजे पुढील कारागिराच्या वाटेवर काटे पेरून वर फुले पसरण्यासारखे आहे.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा की, जुन्या लोकांनीही लोखंड वापरलेच होते. मग खिळ्याविषयी एवढा सोवळेपणा कशाला? हा आक्षेप निराधार नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी १८१७ साली सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. सागवानातील तेलकट अंशामुळे त्यातील लोखंड ओकच्या लाकडातल्याप्रमाणे झपाट्याने खाल्ले जात नाही, हे जहाज बांधणाऱ्यांस पूर्वीपासून ठाऊक होते. तसेच मुंबईच्या इराणी हॉटेलांतील वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या घ्या. त्या घराण्याची मूळ खुर्ची मिखाएल थोनेट याने १८५९ साली काढली; तीत लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढेच सामान होते. परंतु या दोन उदाहरणांतून निघते काय? जहाजातील लोखंड कोठे असावे हे बांधणाऱ्याने आधीच योजिलेले होते. आणि खुर्चीतील स्क्रू तर जसा आवळता येतो तसाच उलटा फिरवून काढताही येतो. दोन्ही ठिकाणी लोखंड हे रचनेचा भाग आहे. आमचा झगडा लोखंडाशी नाही. जेथे रचनेने त्यास बोलाविले नाही तेथे चोरपावलांनी शिरून बसणाऱ्या लोखंडाशी आहे. म्हणूनच जुन्या पेटाऱ्यावर लोहाराने हाताने घडविलेला चौकोनी अंगाचा मूळ खिळा दिसला आणि तो पक्का असला, तर त्यास हात लावू नये, असेही आम्ही सांगू. यंत्राने तारेपासून केलेला गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आला. त्यामुळे त्याहून जुन्या वस्तूत गोल खिळा आढळला तर तो मागाहून घुसलेला पाहुणा होय, हे ओळखणे कठीण नसते.

दुसरा आक्षेप असा की, खिळा काढताना लाकडाची जेवढी नासधूस होते तेवढी तो राहू दिल्याने होत नाही. ज्यांनी पकडीच्या तोंडाखाली काहीही न ठेवता खिळा उपटताना पाहिला आहे, त्यांस हा आक्षेप खरा वाटावा यात नवल नाही. परंतु वाईट रीतीने केलेल्या कामावरून चांगल्या कामाची परीक्षा करणे न्याय्य नाही. चांगली रीत काय आहे ती आम्ही येथे थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचकांस आपल्या सुताराशी बोलताना तिचा उपयोग होईल.

प्रथम शोध. खोली अंधारी करून दिव्याचा उजेड लाकडावर अगदी तिरपा पाडावा. लांबी भरलेली जागा किंचित खोलगट किंवा निराळ्या चकाकीची दिसते, कारण लांबीत लाकडाचे तंतू नसतात. मग एक लहान पण जोरदार लोहचुंबक दोऱ्यास बांधून सांध्यांवरून संथपणे फिरवावा. जेथे तो ओढला जाईल तेथे खडूने खूण करावी. पितळ चुंबकास दाद देत नाही आणि फार खोल गेलेले लोखंडही कधी कधी निसटते, म्हणून डोळ्यांची साक्षही सोडू नये. सगळ्या खुणा झाल्यावाचून एकही सांधा उकलू नये, हा या कामातील पहिला नियम.

नंतर उकरणे. अणकुचीदार टोच्याने भोकातील लांबी कणाकणाने काढावी व खिळ्याचे डोके उघडे करावे. डोके दिसताच पकड लावण्याची घाई करू नये. गंजाने खिळ्यास लाकडाशी जखडलेले असते. ती मिठी आधी सोडविली पाहिजे. यासाठी सुंबा ठेवून खिळ्यास एक हलका ठोका आतच द्यावा. बाहेर काढावयाच्या वस्तूस आत ढकलणे हे उलटे वाटेल, परंतु त्याने गंजाची पकड मोडते. तेवढ्याने न सुटल्यास डाख देण्याचे तापलेले लोखंड खिळ्याच्या डोक्यास काही वेळ टेकवावे. तापून खिळा फुगतो, निवताना आक्रसतो आणि भोवतालच्या लाकडापासून सुटा होतो. मग पकडीखाली पत्र्याचा किंवा लाकडाचा पातळ तुकडा ठेवून, खिळा ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने, थोडा थोडा ओढावा. मागील बाजूस टोक वाकविलेले असेल तर ते आधी सरळ केले पाहिजे.

डोके तुटून गेले असेल तर? त्यासही उपाय आहे. पोकळ नळीच्या तोंडास दाते असलेले गिरमिट मिळते. ते खिळ्याभोवती फिरविले म्हणजे खिळा मध्ये राहून सभोवार बारीक चर पडतो, आणि खिळा सुटा होऊन येतो. सांध्याच्या आरपार गेलेला खिळा तर सांध्याच्या फटीत लोखंड कापण्याच्या करवतीचे नुसते पाते सारून मध्येच कापता येतो, आणि दोन तुकडे मागाहून निवांतपणे काढता येतात. शेवटी जे भोक राहते त्यात त्याच जातीच्या लाकडाची गुल्ली, तिचे तंतू भोवतालच्या तंतूंच्या दिशेस मिळवून, सरसाने बसवावी. अशी गुल्ली लाकडाबरोबर फुगते, लाकडाबरोबर आक्रसते, आणि तिच्यावर रंधाही चालतो. या रीतीने काढलेल्या खिळ्याची खूण राहत नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती जखम भरून आल्याची खूण असते. झाकलेला खिळा ही आत चिघळणारी जखम आहे. तिच्यावर पट्टी बांधली म्हणजे ती बरी झाली असे कोणता वैद्य म्हणेल?

तिसरा आक्षेप वेळेचा व पैशाचा; आणि खरे पाहता हाच एक आक्षेप मनापासून घेतला जातो, पहिले दोन त्याची भरजरी वस्त्रे आहेत. एक खिळा ठोकण्यास अर्धे मिनिट पुरते. तोच काढण्यास कधी अर्धा तास लागतो. येथे आम्हांस सुताराची बाजू घेतली पाहिजे. सुतार आळशी झाले, पूर्वीची कारागिरी गेली, असे आपण जेवणानंतर सुपारी कातरीत बोलतो. परंतु सकाळी दिलेली खुर्ची संध्याकाळी परत मागतो कोण? रात्रभर आवळून ठेवण्याचे नाव काढताच तोंड वाकडे करतो कोण? मजुरी ठरविताना चकाकणाऱ्या पॉलिशसाठी दोन पैसे अधिक मोजतो, आणि सांध्याच्या आत काय केले हे एका शब्दाने विचारीत नाही, तो कोण? पोटासाठी काम करणारा मनुष्य जे दिसते त्याचीच किंमत मिळते असे पाहिल्यावर जे दिसत नाही ते करणे सोडून देतो. यात त्याची चूक असेल, परंतु ती चूक ठोकणारा हातोडा आमच्या हातात आहे. सुशिक्षित म्हणविणाऱ्या वर्गाने पुस्तकाची बांधणी, साडीचा पोत आणि सोन्याचा कस यांची पारख ठेवली. लाकडाच्या सांध्याची मात्र ठेवली नाही, आणि तिचे फळ तो आज भोगीत आहे.

ज्यांस हा प्रश्न केवळ दोन-चार खुर्च्यांचा वाटतो, त्यांनी एक हिशेब करून पाहावा. चांगल्या गाभ्याचे सागवान तयार होण्यास साठ-ऐंशी वर्षे लागतात. आमच्या आज्या-पणज्यांच्या घरांतील पलंग, फडताळे, देव्हारे आणि झोपाळे ज्या झाडांचे झाले, ती झाडे कोणीही पुन्हा लवकर उभी करू शकणार नाही. ते लाकूड अजून धडधाकट आहे. त्यास वाळवीने किंवा काळाने जितके मारले नसेल तितके झटपट दुरुस्तीने मारले आहे. कारण खिळ्यांनी भरलेली वस्तू पुढे कोणी दुरुस्त करावयास घेत नाही, तिचे लाकूड कापून दुसरे काही करावे म्हटले तर कोणी करवतीस लावीत नाही, आणि अखेर ती भंगारवाल्याकडे किंवा चुलीत जाते. त्या जागी भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे कपाट येते, जे पहिल्याच पावसाळ्यात ओल लागून फुगते. जळतो तो केवळ पलंग नव्हे. एका चांगल्या सांध्याचा वस्तुपाठही त्याबरोबर जळतो. नव्या सुताराने जुने कुसू उकलून पाहिल्यावाचून ते कसे काढावे हे त्यास कळणार कोठून? जुन्या वस्तू हीच या विद्येची पोथी आहे, आणि आम्ही तिच्या पानापानांतून खिळे ठोकून ती कायमची मिटवून टाकीत आहो.

तेव्हा आमचे मागणे फार मोठे नाही. घरात एखादी जुनी वस्तू दुरुस्तीस द्यावयाची असेल तेव्हा गृहस्थाने चार गोष्टी कराव्या. सुतारास प्रथमच सांगावे की, आतील खिळे काढल्यावाचून काम सुरू करावयाचे नाही. त्यासाठी लागणाऱ्या वेळाची मजुरी निराळी द्यावी व ती देताना घासाघीस करू नये. निघालेले खिळे मोजून पाहावे. सात निघाले तर सातांची मजुरी दिली याचे समाधान वाटेल. आणि नवा खिळा मारणे अगदीच अपरिहार्य झाले, तर त्या जागी काढता येण्याजोगा स्क्रू वापरावयास लावून त्याचे डोके उघडे ठेवावे. दिवाणखान्यातील खुर्चीच्या पायावर स्क्रूचे पितळी डोके दिसले म्हणून घराण्याची अब्रू जात नाही.

चूक होणे हा माणसाचा स्वभाव आहे. सुताराच्या हातून ती लाकडात होते, आमच्या हातून ती आणखी कोठे कोठे होते. चूक दिसली तर ती काढता येते. तिच्यावर लांबी भरून पॉलिश चढविले, म्हणजे ती काढण्याचे काम ज्यांचा तिच्याशी काहीएक संबंध नव्हता त्यांच्या वाट्यास जाते. वारसा म्हणून मुलांच्या हाती काय द्यावयाचे हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु जे देऊ त्यात खिळे दडवून तरी देऊ नयेत.